सात मोऱ्यांचा तलाव

खूप खूप वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि नगराच्या वरच्या अंगाला एक तलाव. तो बांधला होता रखमाजी पाथरवटाने. बांधाला त्याने सात मोऱ्या ठेवल्या होत्या. प्रत्येक मोरीचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून निराळ्या ठिकाणी जाई. कुठे शेतात, कुठे बागेत, कुठे थेट नदीत. मोऱ्यांची दारं मात्र हुबेहूब एकसारखी. रखमाजीला त्या घडणीचा मोठा अभिमान.

नगर वाढलं, तसा त्याने एखादा नळ वळवला, एखादा बुजवला, दोन एकमेकांना जोडले.

"रखमाजी, कुठलं दार कुठे उघडतं ते दगडावर कोरून ठेवा," नगराची राणी म्हणाली.

"सरकार, आईला लेकरांची नावं लिहून ठेवावी लागतात का?" रखमाजी हसला. "सगळं तोंडपाठ आहे."

पुढे राणीने त्याला सीमेवर गड बांधायला धाडलं. तिथे बारा वर्षं गेली. तो परतला त्याच साली आठ दिवस पाऊस कोसळला. तलाव काठोकाठ भरला, बांधाला चीर गेली. पाणी नदीत सोडायलाच हवं होतं.

रखमाजी बांधावर उभा राहिला. तिसरं दार की पाचवं? पाचवा नळ वळवला होता की बुजवला होता? सगळे त्याच्याकडे बघत होते. 'माहीत नाही' म्हणायला जीभ रेटेना. त्याने तिसरं दार उचलायला लावलं.

पाणी कुंभारवाड्यात फुटलं. दार पुन्हा खाली सोडेपर्यंत माणसं छपरांवर चढली म्हणून वाचली. चाकं, भट्ट्या, रचून ठेवलेली मडकी, सगळं वाहून गेलं.

चिखलाने माखलेली भागा कुंभारीण बांधावर आली. "दादा, आमचं गेलं ते गेलं. आता नदीचं दार कोणतं ते सांगा."

रखमाजीने मान खाली घातली. "बाई, मला आठवत नाही."

शेवटी नदीच्या बाजूने बांधच फोडावा लागला. नगर वाचलं, पण तलाव रिता झाला. त्या उन्हाळ्यात घरोघरच्या बायका तीन कोसांवरून पाणी वाहत होत्या.

राणीने रखमाजीला शिक्षा केली नाही. त्याने स्वतःच मशाल घेतली आणि तो एकेका कोरड्या नळातून रांगत गेला. गुडघे सोलले, पण सातही नळ त्याने तपासले. मग प्रत्येक दारावर कोरलं: पाणी कुठे जातं, नळ कधी वळवला आणि का वळवला. तिसऱ्या दारावर त्याने एक ओळ जास्त कोरली: 'माझ्या विसरण्याने कुंभारवाडा बुडाला.'

बांध पुन्हा उभा राहिला. दोन वर्षांनी तलाव तसाच तुडुंब भरला. पहाऱ्यावर परगावची एक नवखी बाई होती. तिने दारं वाचली आणि नदीचं दार उचललं. रखमाजी धापा टाकत पोचला, तेव्हा पाणी ओसरू लागलं होतं. त्याला कोणी काही विचारलं नाही. तो बांधावर बसला आणि कितीतरी वर्षांनी त्याला हलकं वाटलं.

तात्पर्य: जे ज्ञान फक्त आपल्या डोक्यात राहतं, ते एक दिवस आपलंही राहत नाही, म्हणून काम करावं तशी त्याची नोंदही करून ठेवावी.