काळ्या गोळ्यांचा पट्टा

"ही गोळी नव्हे, राक्षसाचा दात आहे!"

दिवाण त्रिंबकपंतांनी पिस्तुलाचं काडतूस चिमटीत धरून दरबारभर फिरवलं आणि चिंचगडचा अख्खा दरबार दोन पावलं मागं सरला. गोळी होतीच तशी. तव्याच्या बुडासारखी काळी, टोकाला सहा चिरा, आणि प्रत्येक चिरेचं टोक वाघनखासारखं आत वळलेलं.

ती गोळी होती खिंडीच्या चौकीवरच्या धाकोजीची. रात्री बिजल्या दरोडेखोर कोयता उगारून त्याच्या अंगावर आला. धाकोजीनं गोळी झाडली आणि बिजल्या मांडी धरून खाली बसला. एवढं सगळ्यांनाच मान्य होतं, खुद्द बिजल्यालासुद्धा. पण दिवाणजींचं म्हणणं निराळंच.

"महाराज, जीव वाचवायला साधी गोळी पुरते! असली भयंकर गोळी जो मुद्दाम शोधून आणतो, त्याच्या मनात आधीपासूनच खून असतो. गोळीचं तोंड बघा, म्हणजे माणसाचं मन दिसेल!"

जयध्वजराव महाराजांनी गोळी बघितली आणि त्यांच्याही अंगावर काटा आला. एकदा त्यांच्या मनानं घेतलं, की ते काढायला ब्रह्मदेव आला तरी रिकाम्या हातानं परत जायचा. ते गरजले, "पटलं! धाकोजी, चंबूगबाळं आवर आणि हद्दीबाहेर चालता हो!"

धाकोजी कमरेचा काळ्या गोळ्यांचा पट्टा सोडू लागला. त्याची लेक गिरजा मात्र गर्दीतून पुढं आली.

"महाराज, आबा तो पट्टा अंगरख्यावरून बांधतात, गोळ्या लांबून दिसाव्यात म्हणून. चोरानं बघावं आणि तिथूनच पळावं. ज्याला मारायचंच असतं, तो दाखवत कशाला बसेल?"

"मग बिजल्या का नाही पळाला?" दिवाणजींनी डाव टाकला.

"त्या रात्री आबांनी थंडीमुळं पट्ट्यावरून घोंगडी पांघरली होती. तेवढंच चुकलं!"

दरबारात खसखस पिकली. महाराजांच्या भुवया वर चढल्या.

"पोरी, तुझं म्हणणं, रूपावरून मन ओळखू नये? ठीक! उद्या दोन वस्तू दाखव. एक अशी, की बघताच धडकी भरावी, पण तान्हं मूलही तिला भिऊ नये. दुसरी अशी देखणी, की बघणाऱ्यानं आपणहून हात पुढं करावा, पण तिच्यापासून माझा अख्खा दरबार पळावा! दाखवल्यास तर बाप सुटला. नाहीतर त्याच्याबरोबर तूही चालती हो!"

घरी धाकोजी कपाळाला हात लावून बसला. "अगं, असल्या वस्तू असतात तरी का?"

"आबा, एक आपल्या घरात आहे," गिरजा म्हणाली. "तुम्ही फक्त सांडशी शोधा. दुसरी वस्तू उचलून आणायची गरजच नाही."

दुसऱ्या दिवशी गिरजा दरबारात आली. एका हातात रुमालानं झाकलेलं तबक, दुसऱ्या हातात निखाऱ्यांची शेगडी. मागोमाग तिची थोरली बहीण, कडेवर सहा महिन्यांची छकुली.

गिरजानं रुमाल काढला. झेंडूच्या पाकळ्यांवर एक पिवळंधमक काडतूस. टोक कसं गोल, गुळगुळीत, लखलखीत!

"वा!" दिवाणजींनी आपणहून हात पुढं केला आणि ते उचललं. "याला म्हणतात साधी गोळी! किती सुबक! माझ्या पिस्तुलातही हीच असते. सभ्य माणसाची गोळी!"

"बघून झाली, दिवाणजी? द्या इकडं." गिरजानं कमरेला खोचलेली सांडशी काढली, काडतूस तिच्यात धरलं आणि थेट शेगडीवर नेलं. "बिचारी गारठली असेल. जरा शेकते हं!"

"अगं ए! अगं फुटेल ती!"

एकच पळापळ! खजिनदार चौरंगाखाली शिरले, शास्त्रीबुवा खांबाआड गेले, भालदार-चोपदार एकमेकांवर आदळले. दिवाणजींचे जोडे जागच्या जागी राहिले आणि दिवाणजी पडद्यामागून ओरडू लागले, "धरा तिला! कुणीतरी धरा!"

गिरजानं काडतुसाचं टोक उपसलं आणि ते उपडं केलं. "रिकामी आहे हो! आबांनी रात्रीच आतली दारू काढून टाकली. दिवाणजी, या बाहेर! साधी, सभ्य गोळी ना? मग तिला पाहून जोडे टाकून का पळालात?"

सिंहासनावरून अर्धवट उठलेले महाराज सावरून बसले.

"हं! एक झाली. आणि ती भयंकर वस्तू?"

"ती मला उचलवत नाही, महाराज."

"कुठं आहे?"

"सिंहासनावर!"

पडद्यातून दिवाणजींचं डोकं बाहेर आलं. "शिव शिव शिव! राजद्रोह!"

महाराजांचे डोळे लालबुंद झाले. कल्ले थरारले. मिशा शिंगांसारख्या ताठ झाल्या. पण गिरजा मागं हटली नाही.

"दरवर्षी देवीच्या बोहाड्यात, सोंगं नाचतात तेव्हा, वेताळाचा मुखवटा आपण घालता ना, महाराज? लेकरं झोपेत दचकू नयेत म्हणून गावातल्या आया ती त्या वेताळाच्याच मांडीवर ठेवतात ना? मुखवटा काढला, तरी फारसा फरक पडत नाही... आत्ताच बघा!"

आणि तिनं छकुलीला उचलून महाराजांच्या मांडीवर ठेवलं.

छकुलीनं वर बघितलं. लाल डोळे बघितले, कल्ले बघितले. मग बोळकं पसरून हसली आणि दोन्ही मुठींनी राजाची उजवी मिशी खेचली.

"आई गं!" महाराज कळवळले.

"महाराज," गिरजा हात जोडून म्हणाली, "तोंड बघून मन ठरवायचं असेल, तर आबांच्या आधी हद्दीबाहेर कुणाला जावं लागेल?"

महाराजांनी छकुलीकडं बघितलं, आणि ते असे हसले, असे हसले, की छतावरचे पारवे उडाले! मिशी अजून छकुलीच्या मुठीतच होती, त्यामुळं हसता हसता ते "आई गं, आई गं"ही करत होते.

"सुटला! तुझा बाप सुटला!" डोळे पुसत ते म्हणाले. "चौकी त्याची, वर दोन दुभत्या म्हशी! आणि पोरी, तुला काय हवं? माग!"

"आबांना एक काचेचा कंदील द्या, महाराज. रात्रीही तो पट्टा लांबून दिसायला हवा."

"दिला! आणि दिवाणजींना काय द्यावं?"

गिरजानं वाकून जोडे उचलले आणि पडद्यासमोर नेऊन ठेवले.

"त्यांचे हे त्यांना द्या, महाराज. हद्दीबाहेर फार गारठा आहे!"