बांधाईच्या नैवेद्याची कहाणी

ऐक बांधाई माते, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं. वर डोंगर, मधून ओढा. दर पावसाळ्यात ओढा घरांत शिरे, चुली विझवी. मग गावानं ओढ्यावर मातीचा बांध घातला, जादा पाण्याला कडेनं सांडवा ठेवला. त्याला बांधाई म्हटलं, हळदकुंकू वाहिलं.

बांधाखाली पहिलं घर भिवरेचं. घरात पाळणा, पाळण्यात तान्ही लेक. भिवरेनं वसा घेतला, "बांधाई, माझ्या पाळण्याला पाणी लागू देऊ नकोस. मी तुला रोज मूठभर जोंधळे वाहीन." तिचं बघून साऱ्या बाया वाहू लागल्या.

एक पावसाळा घरांत पाणी न शिरता गेला. दुसरा जवळ आला. भिवरा बांधावर गेली, तो काय! घुशी जोंधळे तोंडात धरून बिळांत शिरत होत्या. बांध पोखरला होता, पायथ्याशी ओल आली होती. वाहावं तर बांध जातो, न वाहावं तर वसा मोडतो. भिवरा रडू लागली.

तिथं एक म्हातारी बसली होती. मातकट लुगडं, कमरेवर हात. "बाई, कूस दुखते गं माझी."

"काय झालं, आजी?"

"लेकींनी मायेनं भरवलं. पण मला दात कुठं आहेत? दात घुशींना!"

भिवरेनं पाय धरले. "आई, वसा कसा टाकू?"

"टाकू नको, पालट. धान्य लेकरांना घाल, माती मला घाल." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली.

मग भिवरा काय करी? बिळं उकरी, पाटीपाटीनं माती भरी, पाणी शिंपडी, चोपण्यानं चोपी. थोरली जाऊ येसू हसली, "देवीला माती खाऊ घालतेस? उद्या दगडांची कोशिंबीर कर हो!"

"हसा जाऊबाई, पण एक पाटी उचला."

येसू उचलीना. तिनं आपले जोंधळे वाहिले, हात जोडले. डोळे उघडते तो घूस तिच्याच पायावरून जोंधळे घेऊन पळाली. मग येसूनं पदर खोचला, पाटी उचलली. तिच्यामागं सारं गाव आलं.

आषाढ आला. ओढा फुगला, बांधाला भिडला, वर चढला. मग सांडव्यानं वळून रानात गेला. भिवरेनं बांधाच्या पायथ्याला हात लावला. ओल होती तिथं कोरडं खट्ट.

येसू म्हणाली, "देवी जेवली गं, पोटभर जेवली!"

घरात पाळणा हलत होता.

जशी बांधाई भिवरेला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. चुली पेटत्या राहोत, पाळणे हलते राहोत. ही साठां बोलांची कहाणी पाचां पाट्यांनी भरली, सुफळ संपूर्ण झाली.