पुढचं आधीच वाजलं

“हे कुणाकुणाला ऐकवलंस?” इनास सरांनी विचारलं.

“कुणालाच नाही. तुम्ही पहिले.” पुष्कर जरा घुटमळला. “सर, तुमचा फोन आत ठेवाल का?”

सरांनी त्याच्याकडे एकवार पाहिलं. फोन आत ठेवून आले आणि ओट्यावर बसले.

सत्तरच्या दशकात इनास तुस्कानो मुंबईच्या हॉटेलांतून इलेक्ट्रिक गिटार वाजवत. बँड मोडला तसे वसईला परतले. सकाळी वडिलांची पानवेलीची बाग बघायची आणि दुपारी चार पोरांना गिटार शिकवायची, असा त्यांचा क्रम. त्या पोरांत पुष्कर सगळ्यांत तयार. सहा वर्षं शिकला, स्वतःचा बँड काढला, आणि मग त्याचं येणं थांबलं.

आज तीन वर्षांनी आला होता. नवं गाणं घेऊन. बाज त्या जुन्या काळच्या रॉकचा, पण गाणं कोरं करकरीत. ते कुणी उचलेल या धास्तीने त्याला जेवण गोड लागत नव्हतं. बँडमधल्यांनाही त्याने आपापल्या तुकड्यापुरतंच गाणं दिलं होतं. पूर्ण गाणं ठाऊक होतं ते फक्त ड्रम वाजवणाऱ्या हरेशला. त्याला इलाज नव्हता.

“माझ्याकडून काय हवंय?”

“एवढंच सांगा, की गाणं नवं आहे.”

“लाव.”

सरांनी गिटार मांडीवर घेतली. वायर जोडली नाही.

पहिलं कडवं गेलं. सरांची बोटं तारांवर नुसती टेकलेली होती. दुसरं कडवं सुरू होता होता ती हलली.

“आता ऑर्गन येईल,” सर म्हणाले.

ऑर्गन आला.

पुष्करने दचकून गाणं थांबवलं. सर थांबले नाहीत. ते पुढचं वाजवत राहिले… चढत जाणारे सूर, मधला थांबा, आणि मग पुष्करने महिनाभर घासून बसवलेली गिटारची झेप. सूर अगदी तेच नव्हते, पण वळणं तीच. शेवटी तार ओढून धरलेला तो लांब सूरसुद्धा.

“तुम्ही हे ऐकलंय.”

“नाही.”

“पुढचं अजून वाजलंच नव्हतं, सर.”

“हं.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

“तुला कसं कळलं?”

“मी केलंय ते.”

सरांनी एक सैल तार पिळून घेतली.

पुष्करच्या डोक्यात आता एकच नाव फिरत होतं. हरेश मूळचा बँजो पार्टीतला. अजूनही लग्नाच्या वराती वाजवायचा. मागच्या रविवारची वरात वसईतच होती.

“हरेश इथे आला होता ना?”

“कोण हरेश?”

“आमचा ड्रमवाला. रविवारी तो इथेच होता.”

“रविवारी इथे सात वराती होत्या,” सर म्हणाले.

पुष्करला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं. त्याने सरांच्या देखतच हरेशला निरोप लिहिला, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचला. “उद्यापासून येऊ नकोस. ताल मी मशीनवर घेईन.”

निरोप गेला.

“झालं?” सरांनी विचारलं. “आता राहिलेलं लाव.”

गाणं पुढे सरकलं. सर डोळे मिटून सोबत वाजवत होते. कुठे म्हणून अडत नव्हते. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मात्र त्यांचा हात एकदम चुकला.

त्यांनी डोळे उघडले.

“इथे काय झालं?”

“काही नाही, ती त्याची खोड आहे. वरातीतली सवय. एक ठोका गिळतो आणि आधीच उडी घेतो. किती वेळा सांगितलं. मशीनवर नीट होईल.”

“पुन्हा लाव.”

सरांचा हात पुन्हा चुकला.

“अजून एकदा.”

तिसऱ्यांदाही चुकला. सर ओट्यावर पुढे सरकून बसले होते. सहा वर्षांत पुष्करने त्यांना कुणाचंही वाजवणं असं पुढे सरकून ऐकताना पाहिलं नव्हतं. स्वतःचं तर नाहीच.

त्याला ते आवडलं नाही.

“सर, मी विचारलं ते राहिलं. गाणं नवं आहे की नाही?”

“हरेशने मला ऐकवलं, असं तू म्हणतोस.”

“दुसरं कोण ऐकवणार?”

“त्याने ऐकवलं असतं, तर मी इथे चुकलो असतो का? बाकीची वळणं आम्ही हॉटेलांतून रोज वाजवायचो.”

पुष्करने गाणं बंद केलं.

बागेतल्या पाटाचं पाणी कुणीतरी वळवलं असावं. तो आवाज तेवढा येत राहिला.

फोन थरथरला. हरेशचं उत्तर होतं. “बरं.” एवढंच. का, कशासाठी, काही नाही.

पुष्कर त्या एका शब्दाकडे बघत राहिला. लिहायला अंगठा टेकवला, पण काय लिहावं ते सुचेना.

“सर… आता काय करू?”

सरांनी गिटार भिंतीला टेकवली आणि ते उठले.

“त्याला माझ्याकडे पाठव. तू नाही आलास तरी चालेल.”