सिमेंटच्या गोणीचा तोरा

वीजघराची धुराडी नवी होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात पाण्याची टाकी बांधायला घेतली होती. छपराखाली रचलेल्या सिमेंटच्या गोण्यांत सगळ्यात वरची गोण भारी तोऱ्यात असायची. एक दिवस तिच्याशेजारी वीजघरातल्या राखेचं पोतं येऊन पडलं.

रखमाजी गवंडी म्हणाला, "तीन घमेली सिमेंट, एक घमेलं राख."

गोणीनं नाक मुरडलं. "जळक्या कोळशाची राख ती. भांडी घासायच्या लायकीची. तिच्यात मला कालवणार?"

"मी सावकाश मुरते, बाई," राख म्हणाली. "पण मुरले की हलत नाही."

"तू आणि मुरणार?" असं म्हणून गोण मुद्दाम मागच्या बाजूला घसरली आणि भिंतीकडेच्या ओल्या जमिनीवर जाऊन बसली. तिथं ती कुणाला दिसली नाही.

बाकीच्या गोण्या राखेत मुकाट्यानं मिसळल्या. टाकी उभी राहिली आणि तिच्यातून थेंबभरही पाणी गळलं नाही.

छप्पर काढताना रखमाजीला ती गोण सापडली. ओल पिऊन तिचा आतल्या आत धोंडा झाला होता.

"टाका हिला नळाखाली," तो म्हणाला.

तेव्हापासून गावातल्या बायका तिच्यावर भांडी घासतात. तीही राखेनं.