गच्चीवरचा संगणक, तळघरातला संगणक

तांबडखोऱ्याच्या राजेसाहेबांचा संगणक राणीसाहेबांच्या संगणकापेक्षा आठ सेकंद मागे पडला आणि राजवाड्यात अबोला झाला.

दोन्ही यंत्रं एकाच दुकानातली, एकाच दिवशी आणलेली. राजांचं गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, राणीसाहेबांचं गार तळघरात. घड्याळं कितीही जुळवली तरी आठवड्याभरात राजांचं मागे! मग जेवायला उशीर केल्याचा ठपका राजांवर.

राजे भर दरबारात गरजले, "आज दुपारी बाराला दोन्ही घड्याळं जुळवा. आठ दिवसांनी ती सेकंदाला सेकंद सारखी दिसली पाहिजेत. मध्ये कळ दाबायची नाही, दुसऱ्या घड्याळाला जोडायचं नाही. एक यंत्र वर राहील, एक खाली. जमलं नाही, तर वर्षभर गच्चीवर उभं राहून सेकंद मोठ्याने मोजायचे!"

दिवाणांना एकदम खोकला आला. दाराशी झाडू घेऊन उभी असलेली हौसा फिसकन हसली.

"हसतेस? मग तूच कर."

दोन्ही यंत्रांवरची धूळ रोज हौसाच पुसायची. वरचं यंत्र तव्यासारखं तापलेलं असायचं. आभाळ आलं, गारवा पडला, की राजांचं घड्याळ फारसं मागे पडत नसे, हेही तिने हेरलं होतं.

चौथ्या दिवशी राजांनी पाहिलं. चार सेकंदांचा फरक!

"हौसा, गळा साफ करून ठेव."

"ठेवते, सरकार," ती म्हणाली. राजे वळताच तिने वरचं यंत्र खाली नेलं आणि खालचं वर. तार काढली तरी आतलं घड्याळ बॅटरीवर चालतं, हे तिला ठाऊक होतं.

आठव्या दिवशी दोन्ही यंत्रं दरबारात शेजारी ठेवली. राजांनी डोळे फाडून पाहिलं. एका सेकंदाचाही फरक नाही.

"काय केलंस?"

"अदलाबदल, सरकार. उन्हानं आतलं घड्याळ मंदावतं. चार दिवस एकानं ऊन सोसलं, चार दिवस दुसऱ्यानं. आता दोन्ही सारखीच मागं आहेत."

"मागे? म्हणजे दोन्ही चुकीची?"

"आपण सारखी करायला सांगितलंत, सरकार. बरोबर करायला कुठं सांगितलंत?"

आधी राणीसाहेब हसल्या. मग राजे इतके हसले की त्यांना पागोटं सावरावं लागलं. त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा हौसाला दिला आणि राज्यातली सगळी घड्याळं तिच्या ताब्यात दिली. दिवाणांनी तिच्या हातातला झाडू अदबीने घेतला, आणि तो कुठे ठेवायचा असतो, हे त्यांना तिलाच विचारावं लागलं.