वहाणांपाशी म्हटलेला दासाध्याय

पूर्वी शंखपूर नगरात राजा वृषकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील पाठकांच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव भद्रघोष. नावासारखाच त्याचा आवाज होता. तो पाठ म्हणू लागला की मांडीवरची रडकी मुलेसुद्धा गप्प होऊन त्याच्याकडे पाहत राहत.

त्या नगराचा एक जुना आचारग्रंथ होता. दुसऱ्याच्या शेतातून पाणी कसे न्यावे, अतिथीला आधी काय वाढावे, मृताच्या घरी चूल केव्हा पेटवावी, हे सारे त्यात सांगितले होते. दर पौर्णिमेला पाठक सभागृहातल्या उंच आसनावर बसून त्यातला एक अध्याय म्हणे आणि मग त्याचा अर्थ सांगे. बहुतेक अध्याय ऐकून मन निवत असे. एक मात्र तसा नव्हता. त्याला दासाध्याय म्हणत. त्यात लिहिले होते:

‘दास हा धन्याच्या घराचा भाग होय. धन्याने आपल्या भिंतीवर घाव घातला, तर भिंतीने गाऱ्हाणे नेऊ नये. दास पळाला, तर ज्याने त्याला आसरा दिला, त्यानेच त्याला धन्याच्या दारी पोचवावे.’

हे शब्द कानांवर पडले की सभेत चुळबुळ होई. ज्या पूर्वजांनी पाखरांसाठी अंगणात पाणी ठेवायला सांगितले, त्यांनीच हे लिहिले असेल का? भद्रघोषाच्या वडिलांनी यातून एक वाट काढली होती. ते सांगत, दास म्हणजे आपली वासना आणि धनी म्हणजे विवेक. वासना पळाली की तिला विवेकाच्या दारी आणून सोडावे. वडिलांमागे भद्रघोष तेच सांगू लागला, आणि वडिलांपेक्षा सुंदर सांगू लागला. तो म्हणे, “भिऊ नका. हे माणसांविषयी नाहीच. माणसाला भिंत म्हणतील असे आपले पूर्वज नव्हते.”

लोकांना हायसे वाटे. काही जण डोळे पुसत. ज्यांच्या घरी दास होते, ते जरा जास्तच पुसत.

खरे तर दासाध्यायाची पौर्णिमा जवळ आली की भद्रघोषालाच तो अध्याय म्हणणे नकोसे होई. तो गोड अर्थ त्याने आधी स्वतःसाठी घेतला होता, लोकांना मागाहून वाटला होता.

सभागृहाच्या दाराबाहेर, जिथे सगळे वहाणा काढत, तिथे दासदासी बसत. धन्याच्या वहाणा राखायचे त्यांचे काम. आतला आवाज तिथवर येई. श्रेष्ठी यवदत्ताची एक दासीही तिथे बसे. पायांनी बारीक, आणि कुठे खुट्ट झाले की मान ताठ करणारी, म्हणून घरात सगळे तिला टिटवी म्हणत. पाठक जे सांगे ते ती मन लावून ऐके, आणि जे ऐके ते खरे मानी.

एके संध्याकाळी दिवे लावताना टिटवीच्या हातून समई कलंडली आणि रेशमी वस्त्रांच्या गठ्ठ्यावर तेल सांडले. यवदत्ताने समईतले उरलेले तेल चुलीवर तापवायला लावले आणि ते तिच्या उजव्या हातावर ओतले. “पुढच्या खेपेला डोळ्यांत,” असे तो म्हणाला. त्याचा आवाज चढलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाण्याला म्हणून निघाली. घागर घाटावर ठेवली आणि थेट भद्रघोषाच्या दारी आली. कडी वाजली तसा भद्रघोष दचकला. त्या वेळी त्याच्याकडे कोणी येत नसे.

“कोण गं तू?”

“मी टिटवी. यवदत्तांच्या घरची. वहाणांपाशी बसते ना मी. ओळखलं नाहीत?”

त्याने ओळखले नव्हते. इतक्या पौर्णिमा तो तिच्यासमोरून आत गेला होता.

“तुम्ही म्हणालात ते आमच्याविषयी नाही,” ती म्हणाली. “पळालेल्याला परत पोचवा म्हणतात, ते. ते वासनेविषयी आहे म्हणालात. म्हणून तुमच्याकडं आले.” आणि तिने पदराखालून हात बाहेर काढला.

भद्रघोषाची बायको कौमुदी आतून आली होती. तिने हात पाहिला, काही विचारले नाही. टिटवीला ओसरीवर बसवले, अंगणातली कोरफड चिरली आणि तिचा गर हातावर लावू लागली. भद्रघोष अंगणात येरझाऱ्या घालत होता.

“अहो, आता काय करायचं? श्रेष्ठी माणसं पाठवेल.”

“पाठवू दे की. त्याला तुमचा अर्थ सांगा.”

“ते व्याख्यान असतं गं.”

“हो का?” कौमुदी म्हणाली. “इतकी वर्षं सगळे माना डोलावतायत, त्यातलं कुणी ऐकून तसं वागलं नाही. आज एक जण खरंच ऐकून आली, तर तुम्ही अंगणात येरझाऱ्या घालताय!”

टिटवीला हसू आले. हाताची आग होत असतानाही ती हसली. “माई, असं नका बोलू त्यांना. ते सांगतील राजाला. त्यांचं सगळे ऐकतात.”

सकाळी यवदत्ताची माणसे आली आणि सगळ्यांना राजसभेत घेऊन गेली. राजा वृषकेतू मऊ मनाचा होता. टिटवीचा हात पाहून त्याने तोंड फिरवले. “आचार्य, ग्रंथ काय म्हणतो?” त्याने विचारले.

भद्रघोष अर्थ सांगू लागला. दास म्हणजे वासना, धनी म्हणजे विवेक. तोवर यवदत्ताने हात जोडले.

“आचार्य, तुमचं हे व्याख्यान मला फार आवडतं. दर वेळी माझ्या डोळ्यांत पाणी येतं. हिलाच विचारा, बाहेर आलो की हीच वस्त्र देते पुसायला. पण महाराज, ही माझी दासी आहे. वासना नव्हे.”

सभा हसली. राजालाही हसू आले आणि हसल्याबद्दल तो थोडा ओशाळला. “अर्थ पौर्णिमेला सांगा, आचार्य,” तो म्हणाला. “आज नुसते शब्द सांगा.”

पाठकांच्या कुळाचे एक व्रत होते. राजाने शब्द मागितले की अक्षरही न बदलता म्हणायचे. त्यावर बोट ठेवायचे असेल तर आसन सोडायचे. भद्रघोषाला सांगता आले असते की शब्द असे आहेत आणि ते अन्यायाचे आहेत. ते त्याच्या जिभेवर आलेही होते. पण आजवर तोच सांगत आला होता की त्या शब्दांत वाईट असे काही नाहीच. आणि ते आसन वडिलांचे होते, आजोबांचे होते. त्याने डोळे मिटले आणि अध्याय म्हटला. सवयीने आवाज गोडच लागला.

टिटवीने मान ताठ करून त्याच्याकडे पाहिले.

“मग तेव्हा सांगत होतात, ते काय होतं?”

ग्रंथाप्रमाणे निवाडा झाला. ज्याने आसरा दिला, त्यानेच पोचवावे.

ती दोघे बाजारातून निघाली. लोक भद्रघोषाला वाट करून देत होते, वाकून नमस्कार करीत होते. शेवटी त्याने विचारले, “हात फार दुखतोय का?”

“माईंनी लावलं त्यानं बरं आहे.” पुढे गेल्यावर ती थबकली. “घागर घाटावर राहिलीय. ती गेली तर आणखी बोलणी बसतील.”

तो घाटावर उतरला. घागर तिथेच होती. त्याने ती भरली आणि स्वतःच्या खांद्यावर घेतली. त्या दिवशी तिच्यासाठी त्याच्या हातून एवढेच झाले.

श्रेष्ठीचा वाडा दिसू लागला तशी ती म्हणाली, “आचार्य, इथून मला रस्ता माहीत आहे. तुम्ही फिरा मागं.”

“नाही,” तो म्हणाला. “मलाच पोचवायला हवं.”

तिला एकटीला पाठवू नये असे त्याच्या मनात होते. पण तोंडून निघाले ते ग्रंथाचेच बोलणे, आणि ते त्याला पुढे जन्मभर ऐकू येत राहिले.

काही दिवसांनी कौमुदी कोरफड घेऊन यवदत्ताच्या मागच्या दारी गेली, तेव्हा तिला कळले की टिटवी तिथे नाही. पळालेली दासी घरात नको, म्हणून श्रेष्ठीने तिला उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्यात देऊन टाकले होते. भद्रघोष अनवाणीच वेशीकडे धावला. तांडा केव्हाच निघून गेला होता. बैलांच्या खुरांचे ठसे नदीपर्यंत होते, पलीकडे खडक होता.

पुढच्या पौर्णिमेला पाळी दुसऱ्याच अध्यायाची होती. सभागृह भरले होते. भद्रघोष आला, पण आसनाकडे गेला नाही. दाराबाहेर वहाणांपाशी, जिथे टिटवी बसायची, तिथे जमिनीवर बसला आणि त्याने दासाध्याय म्हटला. आवाज नेहमीचा लागला नाही. म्हणून झाल्यावर लोक अर्थाची वाट पाहू लागले.

“अर्थ एवढाच आहे,” तो म्हणाला. “दास म्हणजे दास. हे माणसांविषयीच आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या घरी दास होते, आणि दास पळू नयेत असं त्यांना वाटत होतं. त्याच पूर्वजांनी पाखरांना पाणी ठेवायला सांगितलं, तेही खरं आणि हेही खरं. हे चूक आहे. मी आणि माझ्या वडिलांनी यावर मध लावला, म्हणून ते तुमच्या घशाखाली उतरत राहिलं. नुसतं दिलं असतं तर तुम्ही कधीच थुंकून टाकलं असतं.”

यवदत्त उठला. त्याच्या वहाणा भद्रघोषाच्या मांडीजवळच होत्या. “आचार्य, जरा सरका,” एवढेच तो म्हणाला, आणि वहाणा घालून निघून गेला. त्याच्यामागून बरेच जण गेले.

राजा खाली मान घालून बसला होता. “मग हा अध्याय ग्रंथातून काढूनच टाकू या,” तो म्हणाला.

“नको, महाराज. काढला तर आपली नातवंडं म्हणतील, आपल्याकडे असं काही नव्हतंच. राहू दे. पण यापुढे कुणी तो आसनावरून म्हणू नये. म्हणायचा तर इथं बसून म्हणावा. आणि त्यावरून कुणाचा न्याय करू नये. मी शब्दांवर बोट ठेवलंय, तेव्हा आसन आजपासून माझं नाही.”

त्या दिवसापासून भद्रघोषाच्या घरी दक्षिणा येणे थांबले. कौमुदीने अंगणात भाजी लावली. राजाने तो न्याय बंद केला, पण लगेच नाही. श्रेष्ठींची मने सांभाळण्यात त्याची बरीच वर्षे गेली. शंखपुरातले पाठक मात्र दासाध्याय आला की आसनावरून उतरू लागले. लहान मुले विचारत, हे खाली का बसले? मग मोठ्यांना सांगावे लागे.

भद्रघोष म्हातारा होईपर्यंत वेशीवर जात राहिला. तांडा आला की विचारी, “पायांनी बारीक, उजवा हात भाजलेला, अशी कुणी पाहिलीत का?” तिचे खरे नाव सांगता आले असते तर शोध सोपा झाला असता. पण ते त्याने विचारले नव्हते. एकदा एक तांडेवाला त्याच्याकडे पाहून कीव आल्यासारखा हसला.

“बाबा, भाजलेल्या हातांच्या किती दाखवू तुला?”

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, विहारात सांगितली. भिक्षुणी विजिता पूर्वी एका घरी दासी होती. त्या सकाळी संघ जेवायला गेला होता त्या गृहस्थाच्या अंगणात तिने जुन्या वचनांचा पाठ ऐकला, त्यात दासांविषयी असेच काही होते. ती हादरून परत आली. भिक्षू पुष्कराने तिची समजूत घातली, “अगं, त्याचा अर्थ तसा घ्यायचा नसतो.” मग कसा घ्यायचा, हे विचारायला ती शास्त्यांकडे आली होती.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “त्या वेळचा राजा म्हणजे हा पुष्कर. त्याला तेव्हाही कुणाचं दुःख पाहवत नसे. श्रेष्ठी यवदत्त म्हणजे आज सकाळी ज्याच्याकडे आपण जेवलो तो गृहस्थ. कौमुदी म्हणजे तू, विजिता; तेव्हाही तू असंच आडवं विचारायचीस. आणि भद्रघोष पाठक तो मीच.”

विजिता थांबून राहिली. “आणि ती, भगवन्?”

“ती या सभेत नाही. माझं बोलणं खरं मानून ती एकदा माझ्या दारी आली होती, आणि मीच तिला परत पोचवलं. अशा दारी ती पुन्हा कशाला येईल?”

मग ते म्हणाले, “त्या जन्मी मी सत्यपारमी, म्हणजे सत्याची साधना, पूर्ण केली असं म्हणतात. केली. पण जिला तिची गरज होती, ती नदीपलीकडे गेल्यावर केली. म्हणून विजिता, उद्या कुणी तुला अशा वचनाचा अर्थ विचारला, तर तो आहे तसा सांग. आणि आधी विचारणारीचं नाव विचार.”