राणू जासुदाची घुंगरं

फार पूर्वी, एका डोंगरी राज्यात राणू नावाचा जासूद राहायचा. जासूद म्हणजे राजाचा निरोप नेणारा. त्याची वाट सगळ्यांत लांब, थेट नदीच्या बांधापर्यंत. तिथली रीतच अशी, की राणूच्या काठीची घुंगरं वाजल्याशिवाय बांधावरचे गडी पाणी सोडायचा दरवाजा उचलत नसत. आणि त्या वाटेला दुसरा जासूद मिळत नसे.

काय गडी होता हो! ऊन म्हणू नका, वादळ म्हणू नका, राणू आपला धावतोय. शेजारची भिवाक्का त्याचं घर झाडायची, त्याच्याच दारातून वाटेतल्या टप्प्यांवर भाकरीची टोपली पाठवायची. तिच्या जिवावरच तो पळत होता.

पुढे भिवाक्का आजारली. चिडचिडी झाली, हातातला झाडू सुटला. राणूच्या घरात मोडकंतोडकं साचत गेलं. भाकरीची टोपली दारातल्या ढिगातच अडकायची आणि लांबच्या टप्प्यावर राणू उपाशी राहायचा. घुंगरं उशिरा वाजू लागली, मग वाजेनाशीच झाली.

अशात नदीला पूर आला. दरवाजा बंद, पाणी गावात शिरायच्या बेतात!

"बांधावरचे गडी माजलेत! फटके द्या त्यांना!" राजा कडाडला.

गडी रडकुंडीला आले. "महाराज, घुंगरांविना बसून बसून आमचे दंड वाळले. आमचा काय गुन्हा?"

तेव्हा कुठे राजा राणूच्या घरी गेला. ढिगाआड राणू पडलेला, अंगात त्राण नाही.

"अरे, एका शब्दानं सांगायचंस तरी!"

"महाराज, तुमचा निरोप मी नेतो. माझा कोण नेणार?"

एवढं बोलून पठ्ठ्या काठी टेकत उठला. पडत-धडपडत बांधावर पोचला आणि घुंगरं वाजवली. गड्यांनी वाळल्या हातांनी दरवाजा उचलला. गाव वाचलं. राणू मात्र तिथेच आडवा झाला तो उठलाच नाही.

राजा ढसाढसा रडला. मग त्यानं भिवाक्काकडे वैद्य धाडला आणि दुसऱ्या वाटेवरच्या जासुदाच्या दारात स्वतः झाडू घेऊन उभा राहिला.

तात्पर्य: मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या चेतापेशी राणूसारख्याच लांब पल्ल्याच्या असतात. काही आजारांत त्यांच्यात बिघडलेल्या प्रथिनांचा कचरा साचतो, रसद टोकापर्यंत पोचत नाही, सांभाळणाऱ्या शेजारपेशीही उलटतात, आणि या चेतापेशी मरतात. का, ते अजून पुरतं उमगलेलं नाही. म्हणून कुणाला हात उचलवेना, तर त्याला आळशी म्हणू नये. आणि ज्याच्या धावण्यावर आपलं चालतं, त्याच्या घरात वेळेवर डोकावावं.